निघायचं ते दोन तारखेला

१४ जुलै २०१८

वेंडेल,

सोबत तुझी चार पाकिटं. तीन विमा कंपनीची, एक डोळ्यांच्या डॉक्टरचं. चारही पाकिटांवर नाव माझं आहे, कारण विमा माझ्या नोकरीचा आणि तू त्यावरचा ‘अवलंबून असलेला’. कंपनीच्या दफ्तरी तुझं एवढंच पद उरलंय. तू युनियनचा अध्यक्ष होतास तेव्हा तुला कोणी असं म्हणालं असतं, तर तू टेबल उलटं केलं असतंस.

पाकिटं फोडलेली आहेत. माझ्या नावाचं पाकीट मी फोडते, त्यात चोरी कसली. आणि फोडलं की वाचलंही जातं. फेब्रुवारीत तू बर्फावरून घसरलास आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला, हे मला असं कळलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे तुला सहा वेळा जायचं होतं, तू दोनदा गेलास, हेही कळलं. तिच्याकडे जा. मी काही तुला सांगणारी कोण, पण विमा कंपनी तेच विचारतेय, म्हणून कळवलं.

तुझं कार्ड मिळालं. वर ट्राउट मासा आणि आत घटस्फोट. तुमच्या त्या मिशिगनच्या टोकाला दुकानात दुसरं कार्ड नव्हतं का?

ट्रूडीशी लग्न करायचं म्हणतोस. सहा वर्षं तिच्या घरात राहतोस, तिच्या शेडमध्ये लोकांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस, तेव्हा मला त्यात बातमी अशी काही वाटली नाही. माझी हरकत लग्नाला नाही. हरकत औषधाची आहे. एप्रिलमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा तू दवाखान्यातल्या खुर्चीत दिवसभर बसतोस आणि ते औषध सलाइनमधून तुझ्या शिरेत जातं, म्हणून तुझे पाय तुझं ऐकतात. त्या एका दिवसाचं बिल आपण घर घेतलं त्याच्या किमतीहून मोठं असतं. न्यायाधीशाने आपल्याला मोकळं केलं की त्या महिन्याच्या अखेरीस माझा विमा तुला सोडणार. मग ते औषध तू काय इंजिनाच्या तेलातून काढणार?

तेव्हा उत्तर नाही असं आहे. यात राग नाही. राग असता तर केव्हाच हो म्हणून मोकळी झाले असते.

नॅडीन

ता. क. या वर्षी करार संपतोय. वाटाघाटींच्या कमिटीवर मला घेतलंय. कमिटीतला डेल्बर्ट म्हणाला, “घरात अध्यक्ष होता, थोडंफार लागलं असेल तुला.” मी म्हणाले, त्याचे मोजेही लागले नाहीत मला.


१९ ऑगस्ट २०१८

वेंडेल,

वाटाघाटींना महामार्गालगतचं तेच मोटेल, तीच खोली, तोच गालिचा. तुझ्या सिगारेटने पडलेलं भोक अजून तिथेच आहे आणि मी त्यावर खुर्ची ठेवून बसते.

कंपनीने या खेपेला शिकागोहून हॅल्वर्सन नावाचा वकील आणलाय. दातांची रांग अशी की आपल्या कारखान्यातल्या काचेच्या बरण्यांची तपासणी करताना एवढी सरळ रांग कधी दिसली नाही मला. पहिल्या दिवशी त्याने भिंतीवर एक चित्र टाकलं. डावीकडून उजवीकडे चढत जाणारा डोंगर. म्हणाला, हा विम्याचा खर्च. मी विचारलं, आमच्या पगाराचं चित्र कुठाय? तर ते त्याच चित्रात खाली होतं. मला वाटलं जमीन दाखवलीय.

आणि ती जमीन आपणच सपाट केली, हे तुला माहीत आहे. दर करारात कंपनी म्हणायची पगारवाढ घ्या नाहीतर विमा ठेवा, आणि आपण विमा ठेवायचो. तुझ्या काळात दोनदा, नंतर तीनदा. आता अशी वेळ आलीय की लोक विम्यासाठी कामाला येतात आणि पगार सुटे पैसे म्हणून घेऊन जातात. मी स्वतः त्यातलीच. दोन्ही गुडघे वाजतात, तरी पासष्टाव्या वर्षी सरकारी विमा मिळेपर्यंत मला इथेच उभं राहून बरण्यांचे तडे शोधायचेत. आठ वर्षं आहेत. चोरीला याहून कमी मिळतात.

आता कंपनीची मागणी ऐक. नवऱ्या-बायकांना विम्यातून काढा. कामगार आणि मुलं राहतील, जोडीदार बाहेर.

“मिसेस पावलिक,” हॅल्वर्सन म्हणाला, “आम्ही कोणाचं काही काढून घेत नाही आहोत. आम्ही जबाबदारी वाटून घेतोय.”

“कोणाकोणात?”

“कुटुंबाकुटुंबांत.”

डेल्बर्टने चष्मा काढून पुसला. त्याच्या बायकोला, ओपलला, कंपवात आहे, कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो तिला. तो म्हणाला, “म्हणजे ओपलची अर्धी जबाबदारी माझी आणि उरलेली अर्धी ओपलची. तुझी कुठली, बाळा?”

बाळ पाणी प्यायलं.

मी तिथे टेबलावर हात आपटून सांगितलं की जोडीदारांना हात लावाल तर संप होईल. टाळ्या पडल्या. डेल्बर्टला वाटलं मी ओपलसाठी बोलले. ओपलसाठीही बोलले.

तुझं दुसरं पत्र पोचलं. ट्रूडीची शाळेच्या बसवरची नोकरी पूर्ण वेळेची झाली, तिच्याही युनियनचा विमा आहे, त्यात नवरा चालतो, आणि तुझं औषध त्यांच्या यादीत आहे, असं तू लिहितोस. वाचून आनंद झाला, असं लिहायचं असतं. पण तू नीट चौकशी केलीस का? नवरा कधीपासून चालतो? लग्न झालं त्या दिवसापासून की पुढच्या महिन्यापासून? मधे जे दिवस पडतील त्यांत तू कोणाचा? शिवाय त्यांचा करार कधी संपतो? उद्या त्यांच्या शाळेतही कोणी हॅल्वर्सन डोंगराचं चित्र घेऊन आला तर? असल्या भरवशावर मी तुला सोडू शकत नाही. या सगळ्या कामाच्या शंका आहेत. बाकी काही समजू नकोस.

नॅडीन


२३ सप्टेंबर २०१८

वेंडेल,

काल युनियन हॉलमध्ये सभा झाली. संपाचा ठराव पास. कॉफी तशीच घाण, खुर्च्या तशाच कमी.

भांडण झालं ते तारखेवरून. करार तीस तारखेला रविवारी संपतो. साचे विभागातला रस्टी उभा राहिला आणि म्हणाला, “रविवारी रात्री बारा वाजता बाहेर. एक मिनिटही जास्त नाही.” पोटातून आवाज काढतो तो, लोक लगेच पेटतात.

मी म्हणाले, “सोमवारी सगळ्यांनी कामावर जायचं. डबा खायचा, बरण्या काढायच्या, घरी यायचं. मंगळवारी दोन तारखेला बाहेर पडायचं.”

“का? सोमवारी काय सूप चांगलं असतं?”

“महिन्यात एक दिवस काम केलं की कंपनीला अख्ख्या महिन्याचा विमा द्यावा लागतो. तीसला निघालो तर ऑक्टोबर आपल्या खिशातून. दोनला निघालो तर ऑक्टोबर त्यांच्या.”

“आपल्याला संपावर जायचंय की दवाखान्यात?”

“तुझ्या बायकोला कितवा महिना, रस्टी?”

“नववा लागेल.”

“मग दोन्हीकडे.”

हसले सगळे, आणि दोन तारीख ठरली. मागच्या रांगेतून डेल्बर्ट पुटपुटला, “वेंडेलची चाल.” तुझीच आहे. आपला पहिला संप झाला तेव्हा तू स्वयंपाकघरात कॅलेंडरवर बोट ठेवून मला समजावलं होतंस की निघायचं ते दोन तारखेला, एक तारखेला निघतो तो मूर्ख. मी तेव्हा वांग्याचे काप तळत होते आणि तुझ्याकडे लक्ष नाही असं दाखवत होते.

तुझं सलाइन नऊ ऑक्टोबरला आहे, हे मी सभेत बोलले नाही. रस्टीच्या बायकोचं बोलले. तेही खरंच होतं. वाटाघाटी करताना दोन खरी कारणं असली की बरं दिसणारं पुढे करतात, हे शिकायला मला तुझी गरज पडली नाही.

नऊला जा. खुर्चीत बसून राहा. मधेच सुई काढून मासे धरायला पळू नकोस.

नॅडीन


७ ऑक्टोबर २०१८

वेंडेल,

संपाचा सहावा दिवस. फाटकासमोर ड्रममध्ये लाकडं पेटवून बसलोय. लोक येता-जाता हॉर्न वाजवतात, डोनटची खोकी देतात. माझं वजन संपामुळे वाढतंय.

आत भट्टी चालू आहे. ती आपण बंद करत नाही, तुला माहीतच आहे. काच आत गोठली तर भट्टी फोडूनच काढावी लागते आणि मग कारखाना कायमचा गेला. म्हणून आपलेच सहा जण पाळीपाळीने आत जाऊन आग धरून ठेवतात. माल काढत नाहीत, काच हलवत नाहीत, फक्त गोठू देत नाहीत. एमेट रोज त्या पाळीवर जातो. काल बाहेर आला तर रस्टीने विचारलं, “काय चाललंय आत?” एमेट म्हणाला, “काही नाही. तापलंय.” बायको गेल्यापासून हा माणूस इतकंच बोलतो.

तुला का लिहितेय हे? दुसरं कोणी नाही ऐकायला, म्हणून समज.

खरं कारण वेगळं आहे. गुरुवारी ट्रूडीचा फोन आला होता. तिने तुला सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. मी फाटकावर होते, मागे हॉर्न वाजत होते.

“नॅडीनबाई, मी ट्रूडी बोलतेय. फोन ठेवू नका.”

“ठेवत नाही. एक हात शेकतेय, दुसऱ्यात फोन आहे.”

“तुमचा विमा आम्हाला नको.”

“आवडला नाही का?”

“चांगला आहे. सहा वर्षं त्याने वेंडेलला उभं ठेवलं, मी रोज बघते, मी विसरणार नाही. पण आता माझा आहे. मी दोनदा ऑफिसात जाऊन विचारून आले. लग्न झालं की पुढच्या एक तारखेपासून तो माझ्या नावावर. तुम्ही त्याला लिहिलं ना, चौकशी कर? ती चौकशी मी केली. तो काही करत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

हे मात्र मला माहीत होतं.

“माझ्याच घरात मी पाहुणी आहे,” ती म्हणाली. “दवाखान्यात विचारतात, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हणते, ड्रायव्हर. ते हसतात. मीही हसते. सहा वर्षं झाली हसून.”

मी म्हणाले, “आमचा संप चाललाय. आत्ता काही बोलता येणार नाही.” जणू घटस्फोट कराराच्या कलमांत होता. ती म्हणाली, “बरं,” आणि वर विचारलं, “थंडी आहे का तिकडे?” मी म्हणाले आहे. तिने फोन ठेवला.

ती तुझ्यापेक्षा बरी आहे. हे तिला सांगू नकोस.

नॅडीन


३० ऑक्टोबर २०१८

वेंडेल,

संप मिटला. परवापासून कामावर.

कॅलेंडर हॅल्वर्सनलाही वाचता येतं. तीन आठवडे तो फिरकला नाही आणि शेवटच्या आठवड्यात हसत हजर झाला. एकतीसला विमा संपणार होता. तोवर रस्टीला मुलगी झाली होती, वेळेआधी, आणि ती अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. ओपलच्या गोळ्या तीन दिवसांपुरत्या उरल्या होत्या. फाटकावर आता कोणी गाणी म्हणत नव्हतं, सगळे फोनवर दुकानात गोळ्यांचे भाव विचारत होते.

तो म्हणाला, “जोडीदार ठेवा.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“नवरे, बायका, सगळे. जसे होते तसे. फक्त सही झाल्यानंतर जे नवीन कामगार लागतील त्यांना पहिलं वर्ष विमा नाही.”

आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात बर्फाच्या यंत्राजवळ जाऊन बोललो. डेल्बर्ट म्हणाला, “जे अजून लागलेच नाहीत, त्यांचं आपण काय काढून घेतोय?” रस्टी म्हणाला, “तेच ना.” मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

तू असतास तर काय म्हणाला असतास, ते मी मनात ऐकलं. तू म्हणाला असतास, खोलीत नसलेल्याचा हक्क विकणं सगळ्यात सोपं, म्हणूनच ते करायचं नसतं. मग मी हेही आठवलं की तू नाहीस, मिशिगनला आहेस, आणि एप्रिलचं सलाइन जोडीदारांच्या कलमावर लटकलंय. मी म्हणाले, “घेऊ.”

ट्रूडीने फोन केला होता. तिच्याकडे तुझी सोय होती. तेव्हा मी कोणासाठी ‘घेऊ’ म्हणाले, ते तूच ठरव. ओपलसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलंय. ओपलने मला मिठी मारली. तिचे हात माझ्या पाठीवर थरथरत होते आणि मला वाटलं, हे खोटं नाहीये, हे तरी खोटं नाहीये.

करार मोठ्या बहुमताने पास. सोबत नऊ तारखेच्या सलाइनचं पाकीट. विम्याने सगळं दिलं. तुझा रक्तदाब चांगला होता.

नॅडीन


२० जानेवारी २०१९

वेंडेल,

हे पत्र लांबेल. कागद संपले तर कॅलेंडरच्या मागे लिहीन.

नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या तपासणी विभागात योलांडा नावाची बाई लागली. चाळिशीची, डोळा असा की काचेतला केसाएवढा तडा लांबून टिपते. आधी म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायची, तिथे विमा नव्हता. तिला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. “युनियनचा विमा चांगला असतो म्हणून आले,” असं तिने पहिल्या दिवशी मला सांगितलं. मी तिला हातमोजे कुठे मिळतात ते दाखवलं.

दुसऱ्या आठवड्यात तिला कळलं. ऑफिसातून कराराची प्रत घेऊन ती जेवणाच्या खोलीत आली आणि माझ्या समोर बसली. शेवटचं पान उलटून म्हणाली, “ही तुझी सही?”

“हो.”

“अक्षर छान आहे.”

एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं नीटच बोलायची, तेच जास्त जड जायचं. इन्सुलिन मात्र ती अर्धं घेऊ लागली. तिने सांगितलं नाही, मला दिसत होतं. दुपारी तीननंतर तिच्या हातून तडे सुटू लागले. मी तिच्या रांगेतले तडे माझ्या रांगेतून काढू लागले. वेंडेल, करार असा पाळतात.

डिसेंबरात एक दिवस ती जेवताना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “एक सांगा. या कारखान्यात जो काम करतो, त्याच्या बायकोला विमा कधीपासून?”

रस्टी म्हणाला, “लग्नाच्या पुढच्या एक तारखेपासून.”

“आणि मला?”

“नोव्हेंबरपासून. पुढच्या.”

“म्हणजे मी रोज आठ तास इथे उभी राहते, तर मला नाही. घरी बसून तुमच्यापैकी कोणाची बायको असते, तर मिळाला असता.”

कोणी चावत नव्हतं. एमेट कोपऱ्यात बसला होता, सूप पीत. भट्टीवरची माणसं आमच्याकडे क्वचित येतात. तो चमचा ठेवून म्हणाला, “माझ्याकडे जागा आहे.”

“कसली?”

“बायकोची. रिकामीच आहे.”

रस्टीला ठसका लागला. योलांडाने एमेटकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बरणी बघते तशी.

“घोरतोस?”

“काय माहीत. सांगायला कोणी नाही.”

“पितोस?”

“रविवारी. एक.”

“मी वेगळ्या खोलीत झोपणार.”

“माझ्या घरात तीन आहेत,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून एका बैठकीत एवढे शब्द मी वीस वर्षांत ऐकले नव्हते.

अठ्ठावीस डिसेंबरला त्यांनी कोर्टात लग्न केलं, म्हणजे एक जानेवारीपासून विमा लागू. तारीख कोणी काढून दिली असेल, ओळख. कंपनी चिडली, हॅल्वर्सनने शिकागोहून विचारणा केली की हे लग्न खरं आहे का. डेल्बर्टने फोनवर विचारलं, “तुमचं आहे का?” आता साचे विभागातल्या दोन नव्या मुली बिनलग्नाच्या म्हाताऱ्यांकडे फार प्रेमाने बघतात, असं कळतं. आपण इतकी वर्षं कलमं लिहिली, पण युनियनने लग्नं जुळवावीत हे कोणाला सुचलं नव्हतं.

कोर्टात योलांडाने मलाच बरोबर नेलं. “तू करारावर सही केलीस, आता याच्याही शेजारी उभी राहा,” म्हणाली. शिक्षा होती ती, पण हसत दिली. नंतर आम्ही तिघांनी चेरी भरलेली पेस्ट्री खाल्ली. एमेटने तिच्या ताटलीतला गोड भाग काढून आपल्याकडे घेतला आणि कडेचं कुरकुरीत तिला दिलं. न बोलता. लग्नाला तास झाला नव्हता.

परत येताना गाडीत योलांडा म्हणाली, “तुझा नवरा कुठे असतो?”

“मिशिगनला. दुसरीकडे राहतो. दुसरीबरोबर.”

“आणि विमा तुझा?”

“हो.”

“मग तुमचंही आमच्यासारखंच. विम्यापुरतं.”

मी म्हणाले, हो, तसंच. आणि पुढचे दोन सिग्नल मला नीट दिसले नाहीत.

त्यांचं विम्यापुरतं आहे आणि ते दोघांनी सगळ्यांदेखत मोठ्याने ठरवलं. आपलं विम्यापुरतं आहे असं मी सहा वर्षं एकटीच म्हणतेय. तुला ते औषधासाठी लागायचं. मला कशासाठी, ते मी या पत्रात लिहिणार होते, तीन वेळा लिहून खोडलं. तू पाकिटांवरून समज. दर महिन्याला तुझ्याबद्दल काहीतरी यायचं. डोळे ठीक. मनगट जुळलं. एवढं पुष्कळ होतं मला, आणि एवढ्यासाठी मी योलांडाचं एक वर्ष विकलं. ओपलचं नाव सांगून.

दोघांनी मिळून करायच्या घटस्फोटाच्या अर्जाचे कागद सोबत आहेत. पिवळी खूण आहे तिथे सही कर. वाचत बसू नकोस, तू वाचणारही नाहीस. ट्रूडीला वाचायला दे.

नॅडीन


२४ मार्च २०१९

वेंडेल,

सुनावणीची तारीख आली. न्यायाधीशाच्या कारकून बाईने विचारलं, एकोणतीस मार्च चालेल का, शुक्रवार आहे, लोकांना शुक्रवार आवडतो. मी म्हणाले, नाही, मंगळवारी दोन एप्रिल द्या. तिला वाटलं मी शुभ-अशुभ बघते.

आता नीट वाच, कारण चूक झाली तर मी पुन्हा लग्न करणार नाही तुझ्याशी. दोन एप्रिलला सुटलो की माझा विमा तीस एप्रिलपर्यंत तुझ्यावर राहतो. तुझं सलाइन सोळाला आहे, ते माझ्यावर. त्या आठवड्यात ट्रूडीशी लग्न कर. शनिवारी कर, तिला बसची सुट्टी असते. एक मेपासून तू तिच्या विम्यावर. मधे एक दिवसही उघडा पडत नाहीस. कागदपत्रं मी ट्रूडीला फोनवर सांगितलीत, तिने परत म्हणून दाखवली. तिचा आवाज बसला होता. सर्दी असेल.

दोघांनाही हजर राहावं लागतं. न्यायाधीश विचारेल की ही वाटणी तुम्हाला मान्य आहे का, तेव्हा हो म्हणायचं. भाषण करायचं नाही. मीही हो म्हणेन. मोटेलच्या त्या खोलीत मी याहून वाईट गोष्टींना हो म्हटलंय.

पुढच्या करारात योलांडा कमिटीवर उभी राहतेय. नव्या लोकांचं कलम काढायचं म्हणते. मी तिला मत देणार आहे आणि तिला कॅलेंडर कसं वाचायचं ते शिकवतेय. फार पटकन शिकते. एमेट घोरतो, हे आता सगळ्या कारखान्याला माहीत आहे. मी अजून सात वर्षं आणि काही महिने इथेच आहे, त्याच दिव्याखाली, त्याच रांगेवर. ऑफिसच्या कागदावर आता माझ्या नावापुढे ‘फक्त स्वतः’ असं येईल. हप्ता कमी होईल, त्यातून गुडघ्याला पट्टा घेईन म्हणते.

सोबत दोन पाकिटं आहेत. मेपासून येणार नाहीत. तू पडलास तर ते ट्रूडीच्या पाकिटात येईल आणि तिला पाकिटाची गरज नाही, ती तिथेच असते.

कोर्टात मी शुक्रवारी जाऊन आले, रस्ता बघायला. समोरच्या जिन्याला पंधरा-वीस पायऱ्या आहेत आणि कठडा फक्त डाव्या बाजूला. तुझ्या डाव्या मनगटात अजून जोर नाही, जानेवारीच्या पाकिटात होतं. म्हणून समोरून येऊ नकोस. मागच्या बाजूला, गाड्या लावतात तिथे, उतार आहे आणि कठडा उजवीकडे. ट्रूडीला गाडी तिथेच लावायला सांग. साडेनऊला मी त्या दाराशी असेन. दार जड आहे, मी धरून ठेवीन.

नॅडीन